श्वसनमार्गाच्या पेशींवरील श्लेष्म्याची जाडी नेमकी कशी मोजतात?

प्रश्न : कापूसपट्टा

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव तालुक्यात एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. यंदा पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी जो विषय मांडला, तो तिच्या घरातूनच आला आहे. तिच्या आजीने आयुष्यात कधी विडी ओढली नाही, पण चाळीसएक वर्षे बिनखिडकीच्या स्वयंपाकघरात पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्यांवर स्वयंपाक केला. आता आजीला सीओपीडी, म्हणजे श्वसनमार्ग कायमचे अरुंद होणारा फुप्फुसांचा जुनाट आजार, असल्याचे निदान झाले आहे आणि रोजची सकाळ ‘बेडका सुटत नाही’ या एकाच तक्रारीत जाते. जळणावर स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या श्वसनमार्गाच्या पेशींवर साचणारा श्लेष्म्याचा थर, गॅसवर स्वयंपाक करणाऱ्या बायकांपेक्षा जाड असतो का, हे विद्यार्थिनीला पाहायचे आहे.

विषय मला आवडला, पण मोजणीपाशी आम्ही दोघेही अडकलो. आम्ही वाचलेल्या शोधनिबंधांत एका ठिकाणी ही जाडी मायक्रोमीटरमध्ये दिलेली असते, दुसऱ्या ठिकाणी टक्क्यांत आणि तिसऱ्या ठिकाणी थेट पास्कल-सेकंदांत. एकाच गोष्टीची तीन निरनिराळी एकके कशी असू शकतात, हे विद्यार्थिनीने विचारले तेव्हा मला नीट उत्तर देता आले नाही. शिवाय पेशींवरचा थर मोजायचा तर आधी त्या पेशी प्रयोगशाळेत वाढवाव्या लागतात, असे दिसते. आमच्याकडे साधा दोन नेत्रिकांचा सूक्ष्मदर्शी, गरम हवेची भट्टी आणि १० मिलिग्रॅमपर्यंत वाचणारा तराजू आहे. रसायनशास्त्र विभागाकडे ०.१ मिलिग्रॅमपर्यंत वाचणारा एक तराजू असून तो मागितल्यास मिळतो. एवढ्या साधनांत काय शक्य आहे, काय नाही, आणि मुळात आम्ही मोजायचे काय, हे जाणकारांनी सांगावे.


उत्तर : सात मायक्रॉन

सर, नमस्कार. मी मूळची हिंगणघाटची. काही वर्षे एका संशोधन संस्थेत श्वसनमार्गाच्या पेशींच्या संवर्धनाचे काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आपला घोटाळा इंग्रजीतील ‘थिकनेस’ या शब्दाने केलेला आहे आणि सुदैवाने मराठीत तो होण्याचे कारण नाही. आपल्याकडे भिंत जाड असते आणि बासुंदी घट्ट असते. भिंतीला कोणी घट्ट म्हणत नाही. शोधनिबंधांत मात्र थराची जाडी आणि द्रवाचा घट्टपणा या दोन्हींसाठी तोच शब्द येतो. मायक्रोमीटरमधला आकडा थराची खोली सांगतो. पास्कल-सेकंदांतला आकडा श्यानता सांगतो, म्हणजे द्रव वाहायला किती विरोध करतो ते. टक्क्यांतला आकडा श्लेष्म्यात पाणी सोडून काय उरते, म्हणजे घनपदार्थांचे प्रमाण सांगतो. तिन्ही एकमेकांशी निगडित आहेत, पण एकीवरून दुसरी आपोआप काढता येत नाही.

आता पेशींवरच्या थराविषयी. श्वसनमार्गाच्या आतल्या अस्तरात केसाळ पेशी असतात आणि अशा प्रत्येक पेशीवर सुमारे दोनशे पक्ष्माभिका, म्हणजे अतिसूक्ष्म हलणारे केस असतात. त्यांची उंची सुमारे ७ मायक्रोमीटर, आपल्या डोक्यावरच्या केसाच्या जाडीचा साधारण दहावा भाग. या केसांच्या उंचीइतका पातळ द्रव खाली असतो आणि त्यावर श्लेष्म्याचा जेलीसारखा थर तरंगतो. केस सेकंदाला दहा-पंधरा वेळा फटका मारतात आणि धूळ, धूर, जंतू यांच्यासह तो थर मिनिटाला काही मिलिमीटर या वेगाने घशाकडे सरकतो. खालचा द्रव आटला की केस वाकतात, फटका बसत नाही आणि श्लेष्मा जागीच चिकटतो.

हा थर मोजण्याची प्रस्थापित रीत अशी. श्वासनलिकेतून किंवा नाकातून ब्रशने पेशी घेतात आणि सच्छिद्र पडदा असलेल्या छोट्या प्लास्टिकच्या पेल्यात, ज्याला प्रयोगशाळेत सगळे ‘इन्सर्ट’च म्हणतात, त्या वाढवतात. पडद्याच्या खालून पोषकद्रव मिळतो आणि वरून पेशी हवेला उघड्या राहतात. तीन ते चार आठवड्यांनी त्यांवर केस उगवतात, श्लेष्मा बनवणाऱ्या चषकपेशी तयार होतात आणि खरोखर श्लेष्मा सुटू लागतो. मग पृष्ठभागावर चकाकणारा रंग जोडलेले डेक्स्ट्रान टाकतात. हा रेणू एवढा मोठा असतो की पेशीत शिरत नाही, त्यामुळे फक्त वरचा द्रवच उजळतो. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शी त्या थराचा उभा काप घेतो आणि त्या कापावर खालच्या कडेपासून वरच्या कडेपर्यंतचे अंतर मोजले की जाडी मिळते.

हे लिहिताना सोपे वाटते, पण खरा गुंता प्रमाणात आहे. एक चौरस सेंटिमीटर पडद्यावर ७ मायक्रोमीटर जाडीचा थर म्हणजे एकूण द्रव किती? ०.७ मायक्रोलिटर. ड्रॉपरमधून पडणारा एक थेंब साधारण ५० मायक्रोलिटरचा असतो. म्हणजे आपण मोजतो आहोत तो द्रव एका थेंबाच्या सत्तराव्या भागाइतका आहे. झाकण उघडून हातमोजे शोधण्यात वेळ घालवला तर तेवढ्यात त्यातला बराचसा उडून जातो. म्हणून मोजणीपूर्वी वर परफ्लुरोकार्बनचा थर देतात, जो पाण्यात मिसळत नाही आणि बाष्पीभवन रोखतो. काही जण रंगाची कोरडी भुकटीच परफ्लुरोकार्बनमध्ये कालवून टाकतात, म्हणजे मोजायच्या द्रवात आपल्या हातचे पाणी मिसळत नाही.

याउलट, मुद्दाम २० मायक्रोलिटर द्रव टाकून पेशी तो कसा हाताळतात हे पाहण्याचा प्रयोगही करतात. एक चौरस सेंटिमीटरवर तो २०० मायक्रोमीटरचा थर होतो. निरोगी पेशी जास्तीचा द्रव शोषून घेतात आणि दिवसभरात थर पुन्हा सातच्या आसपास आणून तिथे थांबतात. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगातल्या पेशी मात्र थांबत नाहीत. त्या द्रव शोषतच राहतात आणि थर केसांच्या उंचीच्या खाली जातो. १९९८ मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या गटाने हे दाखवले. या रोगात मीठ-पाण्याची ने-आण करणारा सीएफटीआर हा मार्ग बिघडलेला असतो. त्याचे जनुक १९८९ मध्ये सापडले. म्हणजे गंमत पाहा, ज्या रोगात श्लेष्मा सर्वांत घट्ट असतो, त्या रोगात मोजलेला द्रवाचा थर सर्वांत पातळ निघतो. ‘जाड’ आणि ‘घट्ट’ एक समजणाऱ्याचा निष्कर्ष इथे थेट उलटा होईल.

मोजताना हमखास होणाऱ्या दोन चुका सांगते. पेल्याच्या भिंतीलगत द्रव वर चढलेला असतो, जसा काचेच्या नळीत कडेला चढतो; तिथले माप घेतले तर थर उगाच जाड दिसतो, म्हणून कडेपासून दूर, मध्यभागातल्या अनेक जागांची सरासरी घ्यावी. दुसरी चूक भिंगाची. हवेत चालणारे भिंग वापरून पाण्यातली खोली मोजली तर प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे ती कमी दिसते, आणि सातचे सव्वापाचच्या आसपास होतात. खोली सुमारे १.३३ ने गुणावी लागते, किंवा सरळ पाण्यात बुडणारे भिंग वापरावे लागते. मी स्वतः पहिल्या वर्षी या दुसऱ्या चुकीत तीन महिन्यांची मापे घालवली आहेत.

रंगाशिवाय मोजण्याची रीतही आता आहे. सूक्ष्म-ओसीटी नावाच्या प्रकाशीय तंत्राने सुमारे एक मायक्रोमीटर इतक्या बारकाईने थराची जाडी, केसांची गती आणि श्लेष्म्याचा वेग एकाच चित्रफितीत दिसतो. पण ते यंत्र तालुक्याच्या ठिकाणी सोडाच, मोठ्या शहरातही सहज मिळणारे नाही.

आपल्या महाविद्यालयात पेशी वाढवण्याविषयी स्पष्टच सांगते : तो नाद सोडावा. ३७ अंश सेल्सिअस, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि भरपूर आर्द्रता अशी अवस्था अखंड अठ्ठावीस दिवस टिकवावी लागते. वीज चार तास गेली तरी महिनाभराचे काम मातीत जाते.


उत्तर : काचपट्टी

मी विकृतिशास्त्राचा डॉक्टर आहे. सात मायक्रॉन यांनी जिवंत पेशींचे उत्तम सांगितले आहे. मी फक्त एक धोक्याची सूचना जोडतो, कारण सूक्ष्मदर्शी आणि फॉर्मेलिन हाताशी असले की ‘ऊतकाचा काप घेऊन थर मोजू’ असा विचार कोणाच्याही मनात येतो.

नेहमीच्या पद्धतीने फॉर्मेलिनमध्ये ठेवून, अल्कोहोलमधून काढून, मेणात बसवलेल्या कापावर श्लेष्म्याचा पृष्ठथर मोजू नये. या सगळ्या पाण्या-अल्कोहोलच्या प्रवासात थर धुऊन जातो किंवा आकसतो, आणि उरलेल्या पापुद्र्याचे माप घेऊन काहीही सिद्ध होत नाही. थर जागच्या जागी टिकवायचा तर परफ्लुरोकार्बनमध्ये विरघळवलेल्या ऑस्मियम टेट्रॉक्साइडने स्थिरीकरण करतात. त्याच्या वाफा डोळ्यांना आणि फुप्फुसांना घातक असतात, त्यामुळे विद्यार्थ्यांच्या हाती तो देण्याचा प्रश्नच येत नाही.

साध्या कापावर जे विश्वासाने मोजता येते, ते वेगळे. अल्शियन ब्लू आणि पीएएस या रंगांनी चषकपेशींत साठवलेला श्लेष्मा निळा-जांभळा दिसतो आणि अशा पेशी किती वाढल्या हे मोजता येते. तसेच श्वासनलिकेच्या भिंतीत श्लेष्मग्रंथींची जाडी आणि अस्तरापासून कूर्चेपर्यंतच्या भिंतीची जाडी यांचे गुणोत्तर काढतात. लिन रीड यांनी १९६० मध्ये ते मांडले आणि आजही ते रीड निर्देशांक म्हणूनच ओळखले जाते. निरोगी फुप्फुसात ते साधारण ०.४ च्या खाली असते आणि दीर्घकालीन ब्राँकायटिसमध्ये त्याच्या वर जाते. हे मात्र शवविच्छेदनातल्या किंवा शस्त्रक्रियेत काढलेल्या फुप्फुसाचे काम आहे, चालत्या-बोलत्या बाईचे नव्हे.


कापूसपट्टा

दोघांचेही मनापासून आभार. विद्यार्थिनी माझ्या शेजारी बसूनच वाचत होती. ‘भिंत जाड, बासुंदी घट्ट’ हे वाक्य तिने वहीत उतरवून घेतले.

आता आमच्या ध्यानात आले की आजीची तक्रार मुळात थराच्या जाडीची नाहीच. ‘बेडका सुटत नाही’ म्हणजे तो घट्ट आणि चिकट झाला आहे. मग प्रकल्पाचा प्रश्नच बदलून, बाहेर पडलेल्या कफातील घनपदार्थांचे टक्के मोजले तर? भट्टी आणि तराजू आमच्याकडे आहेतच. ही पद्धत कितपत ग्राह्य धरली जाते आणि तिच्यात कुठे फसायला होते?


उत्तर : सात मायक्रॉन

सर, ही पद्धत साधी आहे म्हणून कमअस्सल आहे असे मुळीच नाही. माझ्या मते सध्याच्या समजुतीनुसार रोगाच्या मुळाशी सर्वांत जवळ जाणारे माप हेच आहे.

२०१२ मध्ये पुढे आलेल्या मांडणीनुसार पक्ष्माभिकांच्या मधली जागा नुसत्या पाण्याने भरलेली नसते. तिथे केसांना बांधलेल्या मोठ्या रेणूंचा दाट ब्रश असतो आणि श्लेष्म्याचा थर त्या ब्रशवर बसतो. दोघेही पाणी ओढत असतात. श्लेष्म्यातील घनपदार्थ वाढले की तो अधिक जोराने पाणी ओढतो, ब्रशमधले पाणी काढून घेतो आणि ब्रश दबतो. उभ्या गव्हावर ओली ताडपत्री पडावी तसे केस आडवे होतात. म्हणजे घट्टपणा वाढणे हे कारण आणि खालचा थर पातळ होणे हा परिणाम, असे हे दोन धागे जुळतात.

निरोगी श्लेष्म्यात घनपदार्थ साधारण २ टक्के असतात, दीर्घकालीन ब्राँकायटिस असलेल्या सीओपीडीत ते ३ ते ४ टक्के किंवा अधिक होतात, आणि सिस्टिक फायब्रोसिसमध्ये ७-८ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतात. दोनाचे चार ऐकायला किरकोळ वाटते. पण त्या दोन टक्क्यांत जवळजवळ एक टक्का नुसते क्षार असतात आणि क्षारांचे प्रमाण फारसे बदलत नाही. म्हणजे म्युसिन (श्लेष्म्याला चिकटपणा देणारे प्रथिन) आणि इतर प्रथिनांचा वाटा प्रत्यक्षात एकाचा तीन झालेला असतो. श्यानता तर त्याहून कितीतरी वेगाने वाढते.

तराजू मात्र रसायनशास्त्र विभागाचाच हवा. ५०० मिलिग्रॅम कफात २ टक्के म्हणजे १० मिलिग्रॅम आणि ३ टक्के म्हणजे १५ मिलिग्रॅम. आपला १० मिलिग्रॅमचा तराजू या दोहोंत भेदच करू शकणार नाही.

श्यानता थेट मोजण्याचा मोह टाळावा. श्लेष्मा हळू ढवळला तर पाण्याच्या हजारो-लाखो पट घट्ट भासतो आणि जोरात ढवळला की पातळ होतो. कोणत्या वेगाने ढवळून मोजले हे सांगितल्याशिवाय तो आकडा निरर्थक असतो, आणि त्यासाठी लागणारा ऱ्हिओमीटर आपल्याकडे नाही.


उत्तर : पाचवी काच

मी ग्रामीण रुग्णालयात प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. बेडका तपासणीच्या टेबलावर सतरा वर्षे गेली आहेत, म्हणून दोन गोष्टी आग्रहाने सांगतो. प्राध्यापक महोदयांनी त्या प्रकल्पाच्या आराखड्यातच लिहून घ्याव्यात.

पहिली गोष्ट क्षयरोगाची. आपल्या भागात जुना खोकला असलेल्या कोणाचाही बेडका क्षयरोगाच्या जंतूंपासून मुक्त आहे, असे गृहीत धरून चालत नाही. आपण तर तो उघडून, निवडून, वजन करून वाळवणार आहात. प्रत्येक बाईची आधी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणी करून घ्यावी. ती सरकारी यंत्रणेत मोफत होते. अहवाल जंतू नसल्याचा आला तरच नमुना महाविद्यालयात न्यावा. त्यानंतरही डबी जैवसुरक्षा कपाटात उघडावी, आणि ते नसेल तर हे काम जिथे आहे त्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत करावे. पंख्याखाली, वर्गाच्या टेबलावर अजिबात नाही. एखादीचा अहवाल जंतू असल्याचा आलाच, तर प्रकल्पाला एक नमुना कमी मिळाला म्हणून हळहळू नये. तिचा उपचार वेळेवर सुरू झाला, हे त्या प्रकल्पाचे मोठेच काम झाले.

दुसरी गोष्ट लाळेची. ‘बेडका द्या’ म्हटले की दहापैकी चार जण थुंकी देतात. लाळेत घनपदार्थ अगदी कमी असतात, त्यामुळे थुंकी मिसळलेला नमुना निरोगी असल्याचा खोटा दाखला देतो. बाईला आदल्या दिवशीच समजावून सांगावे की सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरायची, दोन-तीन खोल श्वास घ्यायचे आणि छातीतून खोकून काढायचे. नमुना आल्यावर त्यातला लहानसा भाग काचपट्टीवर पसरून कमी शक्तीच्या भिंगाखाली पाहावा. एका दृश्यक्षेत्रात तोंडाच्या अस्तरातल्या चपट्या पेशी २५ हून अधिक दिसल्या तर ती लाळ समजावी आणि नमुना बाद करावा. चांगल्या नमुन्यातही भोवतालची लाळ सोडून घट्ट गोळे तेवढे चिमट्याने वेगळे काढावेत आणि तेच तोलावेत.

उन्हाळ्याविषयी तर मी भांडूनच सांगेन. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना, गावातून मोटारसायकलच्या डिकीत दोन तास आलेल्या डबीतला कफ म्हणजे अर्धा वाळलेला कफ. तो ५ टक्के दाखवेल आणि आपण चुलीला दोष देऊन मोकळे व्हाल. घट्ट फिरकीचे झाकण, बर्फाची पेटी आणि त्याच दिवशी वजन, एवढे जमत नसेल तर काम जुलैनंतर करावे.


उत्तर : सेवाग्राम रस्ता

मी छातीविकारांचा डॉक्टर, वर्धा जिल्ह्यात काम करतो. वरची सर्व उत्तरे उपयुक्त आहेत, परंतु प्रकल्पाच्या रचनेतच एक मोठे भगदाड आहे आणि त्याकडे अजून कोणी बोट दाखवलेले नाही.

आपली तुलना चुलीवाल्या आणि गॅसवाल्या बायकांत आहे. पण ज्या बाईला छातीचा आजार नाही, तिला बेडका पडतच नाही. निरोगी माणूस दिवसभर तयार होणारा श्लेष्मा नकळत गिळून टाकतो. मग तुलनेच्या गटाचा नमुना आणणार कोठून? रुग्णालयात आम्ही अशा वेळी तीव्र मिठाच्या पाण्याची वाफ देऊन कफ काढतो. पण ती वाफ श्वसनमार्गाच्या पृष्ठभागावर पाणी खेचून आणते. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये ७ टक्के मिठाचे पाणी उपचार म्हणून देतात ते याच कारणासाठी. म्हणजे नमुना मिळवण्याची क्रियाच नमुन्याला पातळ करते. शिवाय त्या वाफेने काहींची श्वासनलिका अचानक आकुंचन पावते, म्हणून आधी श्वासनलिका मोकळी करणारे सालब्युटामॉल देऊन डॉक्टरच्या देखरेखीखालीच ते करावे लागते. हे विद्यार्थ्यांचे काम नाही.

मार्ग आहे, मात्र प्रश्न थोडा अरुंद करावा लागेल. दोन्ही गटांत अशाच बायका घ्याव्यात ज्यांना स्वतःहून बेडका पडतो. त्यासाठी दीर्घकालीन ब्राँकायटिसची जुनी व्याख्या हाताशी आहेच : लागोपाठ दोन वर्षे, वर्षातील किमान तीन महिने कफासह खोकला. त्यांपैकी काही अजूनही चुलीवर स्वयंपाक करत असतील आणि काहींनी पूर्ण गॅस धरला असेल. धूर थांबल्यावर कफातील घनपदार्थ कमी झालेले दिसतात का, हा प्रश्न आपल्या मूळ प्रश्नापेक्षा लहान आहे, परंतु त्याचे उत्तर मिळू शकते आणि ते बायकांच्या कामाचेही आहे. ‘गॅस आहे’ एवढ्यावर मात्र विसंबू नये. अनेक घरांत सिलिंडर असतो, त्यावर चहा होतो, आणि भाकरी व आंघोळीचे पाणी चुलीवरच असते. प्रत्यक्ष घरी जाऊन भिंतीवरची काजळी पाहावी.

सात मायक्रॉन यांच्या एका मुद्द्यावर माझे थोडे वेगळे मत आहे. सिस्टिक फायब्रोसिसचे नमुनेवजा चित्र सीओपीडीला जसेच्या तसे लावू नये. सिगारेटच्या धुरानेही सीएफटीआरचे काम मंदावते, हे खरे आहे. पण सीओपीडीत म्युसिनचे उत्पादनच वाढलेले असते, विशेषतः एमयूसी५एसी या प्रकाराचे. पाणी घटणे आणि माल वाढणे, दोन्हींमुळे टक्के चढतात, आणि भट्टीत वाळवलेला कफ त्यांपैकी कोणते घडले हे सांगत नाही. निष्कर्ष लिहिताना विद्यार्थिनीने एवढे संयमाने लिहावे.

संसर्ग झालेल्या, हिरवट-पिवळ्या बेडक्यात पूपेशींचे अवशेष आणि डीएनए भरपूर असते, त्यामुळेही वजन वाढते. गेल्या सहा आठवड्यांत ताप किंवा प्रतिजैविके झाली असतील तर ती बाई थांबवून नंतर घ्यावी. आणि संस्थात्मक नीतिसमितीची मंजुरी कामापूर्वी हवी. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पदव्युत्तर प्रकल्पालाही सूट नाही. संमतिपत्र बाईला वाचून दाखवावे, नुसता अंगठा घेऊ नये.


कापूसपट्टा

डॉक्टरसाहेब, तुलनेच्या गटाविषयी आपण लिहिले ते वाचून मी खरोखर ओशाळलो. वर्गात ‘नियंत्रण गट’ शिकवणारा मीच. पाचवी काच दादा, आपल्या सूचना जशाच्या तशा आराखड्यात घेतल्या आहेत आणि नमुने ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात घेण्याचे ठरवले आहे.

शीर्षकातून ‘जाडी’ हा शब्द काढला. आता ते ‘दीर्घकालीन ब्राँकायटिस असलेल्या ग्रामीण स्त्रियांच्या कफातील घनपदार्थांचे प्रमाण आणि स्वयंपाकाचे इंधन’ असे आहे. विद्यार्थिनी थोडी हिरमुसली, कारण तिला पेशींवर केस हलताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे होते. साध्या सूक्ष्मदर्शीखाली ते दाखवण्याची काही सोय आहे का? तसेच वाळवण्याच्या पायरीचे नेमके आकडे कोणी सांगितले तर बरे होईल.


उत्तर : सात मायक्रॉन

केस हलताना पाहण्याची सोय खाटकाकडे आहे, सर. सकाळी बोकड कापल्यावर लगेच श्वासनलिकेचा तुकडा ०.९ टक्के मिठाच्या कोमट पाण्यात आणावा, उभा चिरून उघडावा आणि ओल्या टिपकागदाने अस्तर लावलेल्या झाकणबंद डबीत आडवा ठेवावा. आतल्या पृष्ठभागावर कोळशाची चिमूटभर बारीक पूड टाकली की काही मिनिटांत ती घशाकडच्या टोकाकडे सरकू लागते. खाली पट्टी ठेवून आणि मोबाइलने चित्रण करून मिनिटाला किती मिलिमीटर, हेही मोजता येते. कोणते टोक घशाकडचे हे खाटकाकडेच दोरा बांधून खुणावून ठेवावे, नाहीतर घरी आल्यावर वाद होतात. अस्तर हलकेच खरवडून तो द्रव काचपट्टीवर, झाकणकाचेखाली, ४० पटीच्या भिंगाने पाहिला तर केसांची थरथर दिसते. डबीचे झाकण दहा मिनिटे उघडे ठेवून पूड पुन्हा टाकावी. पृष्ठभाग सुकला की पूड मंदावते किंवा थांबते. पेशींवरच्या थराविषयी मी एवढे लांबलचक लिहिले, ते तिला तिथे एका नजरेत कळेल.


उत्तर : पाचवी काच

वाळवण्याचे सांगतो. ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या छोट्या वाट्या आधी रिकाम्याच भट्टीत तासभर तापवून, शोषपात्रात (ओल शोषणारे सिलिका जेल ठेवलेल्या झाकणबंद भांड्यात) थंड करून तोलाव्यात आणि प्रत्येकीवर टोकाने क्रमांक कोरावा. पेनच्या शाईचेही वजन होते. त्यात ३०० ते ५०० मिलिग्रॅम कफाचा गोळा घालून लगेच ओले वजन घ्यावे. मग ६० ते ८० अंशांवर रात्रभर. सकाळी शोषपात्रात थंड करूनच तोलावे, गरम वाटी तराजूवर हलकी भरते. पुन्हा दोन तास भट्टीत ठेवून परत तोलावे, आणि दोन्ही वजने ०.२ मिलिग्रॅमच्या आत जुळली तरच आकडा वहीत लिहावा. एका बाईच्या एका नमुन्याच्या तीन वाट्या कराव्यात.

रात्री वीज गेली तर ती वाटी फेकू नये. भट्टी पुन्हा सुरू करून वजन स्थिर होईपर्यंत वाळवावे. उशीर होतो, आकडा बिघडत नाही. ऑगस्टमधल्या दमट हवेत मात्र वाळलेला कफ उघड्यावर पाणी ओढतो, तेव्हा शोषपात्रातले सिलिका जेल निळे आहे ना, हे दररोज सकाळी पाहावे. गुलाबी झाले असेल तर आधी तेच भट्टीत टाकावे.